प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’

११ जानेवारी

आजपासून दैनंदिनी. हौस म्हणून नाही, मॅडमचा हुकूम म्हणून. मॅडम म्हणजे माझ्या डॉक्टरेटच्या मार्गदर्शक. वयाने माझ्या मुलीच्या बरोबरीच्या, दरारा मात्र शाळेतल्या हेडबाईंचा. त्यांचं म्हणणं असं, की मुलाखती घेऊन संशोधन करणाऱ्याने त्या वेळी स्वतःच्या मनात काय चाललं होतं तेही लिहून ठेवलं पाहिजे.

“कोण वाचणार ते?” मी विचारलं.

“कोणी नाही. मीसुद्धा नाही.”

“मग लिहायचं कशाला?”

“आपण स्वतःला काय काय पटवून देतो, ते नंतर दिसावं म्हणून.”

सत्तावन्नाव्या वर्षी हे ऐकून घ्यायचं! पण आता नाव घातलं आहे, तर ऐकलंच पाहिजे.

तर रीतसर ओळख. मी एका मोठ्या लाँड्रीत माहिती यंत्रणेचा प्रमुख आहे. लाँड्री म्हटलं की लोकांना कोपऱ्यावरचं दुकान आठवतं. आमच्याकडे हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सर्जन लोकांचे हिरवे डगले ट्रक भरभरून येतात आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत जातात. प्रत्येक कपड्याच्या काठात नखाएवढी चिप शिवलेली असते. कुठली ट्रॉली कुठल्या विभागात आहे, कधी निघाली, सगळं स्क्रीनवर दिसतं. ही यंत्रणा मी बसवली. आणि एवढं असून आमचे सुपरवायझर फोन उचलतात आणि एकमेकांना विचारतात, “निघाली का ट्रॉली?” समोर स्क्रीन असते. स्क्रीनवर ट्रॉली निघालेली असते. तरी फोन.

का? हाच माझ्या संशोधनाचा प्रश्न. उत्तर मला माहीत आहे. माणसांचा यंत्रावर विश्वास नाही. आता ते फक्त रीतसर सिद्ध करायचं आहे.

आणखी एक लिहून ठेवतो. ही (म्हणजे बायको) मुलीकडे गेली तेव्हा आमचा नातू बबडू रांगत होता. “मी मदतीला जाते, तुम्हालाही अभ्यासाला शांतता मिळेल,” म्हणाली. थिसिस झाला की परत येणार, असं ठरलं आहे. त्याला आता तीन वर्षं होतील. म्हणून या वर्षाअखेर काहीही करून थिसिस संपवायचा. डॉक्टर होण्याची घाई मला एवढ्यासाठीच आहे, नाहीतर त्या झगा-टोपीचं मला काय करायचंय?

१९ जानेवारी

पहिली मुलाखत झाली. भोंग्याची. भोंगा म्हणजे आमचा डिस्पॅचचा सुपरवायझर, ट्रॉल्या ट्रकमध्ये चढवून देतो. हा वॉशिंग हॉलमध्ये हसला तर वर ऑफिसात माझ्या कपातला चहा हलतो. पण रेकॉर्डर समोर ठेवल्यावर आवाज एकदम मांजराचा.

“स्क्रीनवर जे दिसतं त्यावर तुझा विश्वास बसत नाही ना?”

“नाही बसत, साहेब.”

“म्हणून खात्री करायला फोन करतोस ना?”

“हो. खात्री करायला.”

छान झाली. इकडे तिकडे न भरकटता मुद्द्याला धरून बोलला. अशा बारा मुलाखती घ्यायच्या.

संध्याकाळी हिला फोन. तिचे प्रश्न ठरलेले: जेवलात का, गोळी घेतलीत का. माझेही ठरलेले. “बबडूच्या मागे धावून दमतेस ना?” “हो, दमते.” “थिसिस झाला की येशील ना?” “हो. होऊ दे तर आधी.” मग बबडूने काय सांडलं ते, आणि फोन बंद.

६ फेब्रुवारी

आज इस्त्री विभागाच्या ताई. गंभीर बाई. वाफेच्या मोठ्या रोलरपाशी उभ्या राहून राहून ओरडून बोलायची सवय लागली आहे. बंद खोलीतही ओरडूनच बोलत होत्या. त्यांचंही तेच: विश्वास नाही, म्हणून फोन. सगळे एकसुरात तेच सांगताहेत. इतकी एकवाक्यता मी कुठल्याच मीटिंगमध्ये पाहिली नाही. माझा सिद्धान्त अगदी पक्का दिसतो आहे.

मुलाखती ऐकून शब्दन् शब्द टाइप करायच्या असतात. ते काम मी जेवताना करतो. म्हणजे टाइप नाही, नुसतं ऐकतो. ताट समोर, रेकॉर्डर बाजूला. काल भोंग्याची मुलाखत तिसऱ्यांदा लावली. त्यात त्याला मध्येच शिंक येते आणि मी म्हणतो, “पाणी घे रे.” तिथे मला रोज हसू येतं. टाइप करून झालेली मुलाखत परत ऐकायची गरज नसते, पण आवाजाची सवय झाली आहे.

२५ फेब्रुवारी

हिने तिची जुनी सर्टिफिकिटं मागवली. लग्नाआधीचं शिक्षिका प्रशिक्षणाचं, मार्कशीट, सगळं. कपाटाच्या वरच्या फळीवर होती, धूळ खात. फोनवर विचारलं, “मुलीच्या घराच्या कागदपत्रांना लागत असतील ना?” “हो, तसंच,” म्हणाली. सरकारी कामात कधी काय मागतील नेम नाही. सोबत तिने उन्हाळी कपडे आणि वाचायचा चष्माही मागवला. पार्सल केलं. कपाटात बरीच जागा झाली, तिथे मी माझ्या लेखांच्या झेरॉक्स रचून ठेवल्या. इतके दिवस त्या जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर होत्या.

खुर्ची रिकामी झाल्यावर मात्र बरं वाटलं नाही. अर्ध्या झेरॉक्स परत आणून ठेवल्या.

१४ मार्च

मुलीने फोटो पाठवला. बबडू शाळेत जायला लागला, पूर्ण दिवसाची शाळा. पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर. पठ्ठ्या रडला नाही म्हणे, आजी सोबत होती. आता हिला जरा उसंत मिळेल.

८ एप्रिल

आज चुकून दुपारीच फोन लागला. दुपारी करायचा नाही असं तिने सांगून ठेवलं आहे, बबडू झोपलेला असतो. उचलला तिने, पण मागे हा गोंगाट! वीस-पंचवीस पोरं एका सुरात आकडे म्हणत होती. “टीव्ही किती मोठा लावला आहेस?” म्हटलं, तर कुजबुजून “नंतर करते” म्हणाली आणि ठेवून दिला. संध्याकाळी आवाज बसलेला. “बबडूवर ओरडून ओरडून ना?” म्हटलं. “हो,” म्हणाली. मध आणि कोमट पाणी घ्यायला सांगितलं. हौस दांडगी आहे तिची, नातवावर ओरडतानासुद्धा आनंदात असते. आवाज बसलेला, पण खुशीत होती.

बाराही मुलाखती टाइप करून मॅडमना पाठवल्या. आता विश्लेषण, मग लेखन. दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या. कोणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहितो: काम मस्त झालं आहे.

१७ एप्रिल

कपाळाला हात लावून बसलो आहे.

मॅडमनी बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर माझ्या मुलाखतींचा गठ्ठा, आणि त्यावर लाल खुणाच खुणा. गोवर आल्यासारखा दिसत होता.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“मुलाखती.”

“कोणाच्या?”

“आमच्या सुपरवायझर लोकांच्या.”

“नाही. ही एकट्या तुमची मुलाखत आहे. बाकीचे नुसते हो म्हणताहेत.” त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं. “लाल गोल दिसताहेत? वाचा.”

प्रत्येक गोलात एकच अक्षर. ना. विश्वास नाही ना? म्हणून फोन करता ना? स्क्रीनपेक्षा माणूस बरा वाटतो ना?

“तुमच्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ आहे,” मॅडम म्हणाल्या. “तो लावला की समोरच्याला हो म्हणण्यावाचून दुसरा रस्ताच उरत नाही. त्यातून तुम्ही त्यांचे साहेब. उत्तर तुम्ही घरून नेलं आणि त्यांच्या तोंडात घातलं.”

“ती बोलायची पद्धत आहे, मॅडम. सगळेच असं बोलतात.”

“बोलू देत. सगळे डॉक्टरेट करत नाहीत.”

यातलं काहीच वापरता येणार नाही. मुलाखती परत घ्यायच्या. “सगळ्या?” “सगळ्या.” आणि नवीन नियम: प्रश्न उघडा ठेवायचा. विचारला की गप्प बसायचं. समोरचा गप्प बसला तरी आपण बोलायचं नाही, कितीही अवघड वाटलं तरी. आणि उत्तर आधीच माहीत असेल तर तो प्रश्न विचारायचाच नाही.

मी उठलो तेव्हा म्हणाल्या, “रागावलात ना?” मग स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. वर्षअखेरची तारीख आता कशी पाळायची? हिला काय सांगायचं?

१८ एप्रिल

सांगितलं. म्हटलं, “अगं, सगळं पाण्यात गेलं. मुलाखती परत घ्यायच्या. तुझं येणं लांबणार. वाईट वाटलं ना?”

“हो,” म्हणाली. आणि लगेच, “पण तुम्ही घाई करू नका. नीट होऊ दे. वेळ लागला तर लागू दे.”

किती समजूतदार आहे! दुसरी कोणी असती तर चिडली असती. मला मात्र वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. घरी आल्यावर दाराशी उभं राहून दिवे लावायचा कंटाळा आला. एकटं वाटलं, असं साध्या शब्दांत लिहून ठेवतो.

९ मे

‘ना’ सोडायचा सराव चालू आहे. हा म्हणजे सुपारी सोडण्याइतका चिवट प्रकार आहे. आज रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, “चहा घेतलास?” एरवी ‘घेतलास ना?’ म्हणतो. ती दचकून उभी राहिली. “का, सर? काय झालं?” औषधाच्या दुकानदाराला विचारलं, “या गोळ्या त्याच आहेत?” त्याने पाकीट उलटसुलट करून मला तारखेसकट वाचून दाखवलं. ‘ना’ काढला की साधं बोलणंही चौकशी आयोगासारखं होतं. इतके दिवस मी दर वाक्याला लोकांची संमती मागत हिंडत होतो, हे मला माहीतच नव्हतं.

११ जून

भोंगा, दुसऱ्यांदा. रेकॉर्डर लावला. विचारलं, “तू फोन का करतोस?” आणि तोंड मिटून बसलो.

तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. खाली मशीनचा घरघराट. भिंतीवरचं घड्याळ. शेवटी तोच काकुळतीला आला. “साहेब, तब्येत बरी आहे ना तुमची?”

मी नुसती मान हलवली. जीभ दातांनी धरून ठेवली होती म्हटलं तरी चालेल.

“हात ओले असतात, साहेब,” तो म्हणाला. “ओल्या हाताने स्क्रीनला हात लावला की ती भलतंच काहीतरी उघडते. मग बंद होत नाही. फोन कसा, कोपराने पण उचलता येतो.”

“आणि विश्वास?” एवढं मी विचारलंच.

“कसला विश्वास? स्क्रीन बरोबरच असते की.”

“मग गेल्या वेळी विश्वास नाही म्हणालास ते?”

“तुम्ही म्हणालात, साहेब. मी कशाला नाही म्हणू?”

विश्वासबिश्वास काही नाही, ओले हात! माझा बारा मुलाखतींचा सिद्धान्त, आणि तो असा ओल्या हाताने पुसला गेला. चिडलो होतो. पण ती शांतता भरून काढली नाही, याचा थोडा अभिमानही वाटतोय. आयुष्यात इतका वेळ मी कोणासमोर गप्प बसलो नसेन.

३ जुलै

इस्त्रीच्या ताई. या वेळी त्यांची शांतता इतकी लांबली की मला घाम फुटला. मग म्हणाल्या (ओरडूनच), “ट्रॉली निघालेली मला दिसते, साहेब. स्क्रीन बघूनच मी फोन लावते.”

मी गप्प.

“रोलरपाशी शेजारणीचंही ऐकू येत नाही. दिवसभर तोंड शिवून काम. फोनच्या खोलीत दार लावलं की ऐकू येतं. ट्रॉलीचं विचारायचं, मग दोन शब्द इकडचे तिकडचे. नुसतं ‘कशी आहेस’ विचारायला फोन केला तर लोक म्हणतील, हिला काम नाही का?”

हे कुठल्या रकान्यात घालायचं? माहिती विचारणाऱ्याला माहिती नकोच आहे! माझ्या सगळ्या पुस्तकांत असं गृहीत धरलं आहे की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं. मॅडमना फोन केला तर त्या खूश झाल्या. “आता कुठे संशोधन सुरू झालं,” म्हणाल्या. त्यांचं काय जातंय?

संध्याकाळी हिने विचारलं, “जेवलात का?” नेहमी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. आज म्हटलं, “अंडी उकडायला ठेवली होती. एक फुटलं आणि त्याला पांढरी शेपटी आली. तसंच खाल्लं.” ती हसली. मनापासून, पहिल्यासारखी. मग तिनेही सांगितलं की एका पोराने नाकात मणी घातला आणि सगळ्यांची तारांबळ उडाली. “बबडूने?” “नाही, दुसऱ्याने,” म्हणाली. शेजारचा असेल. आज फोन लांबला.

२२ ऑगस्ट

तीन दिवस ताप. आता उतरला. बिछान्यावरची चादर आमच्याच लाँड्रीतून धुऊन आलेली, त्यामुळे उठताना आपण हॉस्पिटलात आहोत असं वाटायचं, फक्त भेटायला येणारं कोणी नव्हतं. हिला सांगितलं नाही. उगीच धावत येईल.

पडल्या पडल्या मुलीला फोन केला. ती नेहमी घाईत असते. ‘आई बरी आहे ना?’ म्हणणार होतो, पण आता जीभ वळत नाही तशी. तोंडातून आलं, “आई दिवसभर काय करते?”

आणि सवयीने गप्प बसलो.

पलीकडे शांतता. मुलगी आणि शांतता! तिला जन्मल्यापासून ती माहीत नाही.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “ते तुम्ही आईलाच विचारा.”

“का? आजारी आहे का ती?”

“नाही, अजिबात नाही. छान आहे. पण तिलाच विचारा. आणि बाबा, तुम्ही आत्ता विचारलंत तसंच विचारा.”

हे काय प्रकरण आहे? नक्की तब्येतीचं काहीतरी असणार. गुडघे, नाहीतर रक्तदाब. लपवताहेत दोघी.

१० सप्टेंबर

अजून विचारलेलं नाही. रोज फोन करतो, रोज ठरवतो, आणि अंड्यांचं, ताईंचं, मॅडमचं काहीतरी बोलत बसतो. तिने आणखी एक पार्सल मागवलं: हिवाळी कपडे, तिची छोटी कढई, दोन उशांचे अभ्रे. मुलीकडे कढई नसेल का? असेल. मग?

आज तिच्या मागे काहीच आवाज नव्हता. बबडू नाही, टीव्ही नाही, मुलीची खटपट नाही. “शांत आहे आज,” एवढंच म्हणालो. “हो,” म्हणाली, “शांत आहे.” त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण लगेच म्हटलं, “बबडू लवकर झोपला ना?” “हो,” म्हणाली.

तो ‘ना’ मी मुद्दाम लावला. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. चुकून गेला नाही तो.

३० ऑक्टोबर

थिसिस दिला. ठरलेल्या निष्कर्षाच्या जागी आता ओले हात, रोलरचा आवाज, बाकीच्यांच्या मुलाखतींत निघालेली विभागाविभागांतली जुनी भांडणं आणि दोन शब्द इकडचे तिकडचे. मॅडम म्हणाल्या की शेवटचं प्रकरण चांगलं झालं आहे. ‘माहिती पोहोचली तरी माणसं विचारत राहतात, कारण विचारणं हेच त्यांचं एकमेकांपर्यंत पोहोचणं असतं,’ असं एक वाक्य मी त्यात लिहिलं होतं. मॅडमनी तिथे समासात लिहिलं: पुरावा? मी ताईंची मुलाखत जोडली. तेवढ्याने चाललं.

२६ नोव्हेंबर

तोंडी परीक्षा झाली. उत्तीर्ण.

परीक्षकांनी एकच टोचणारा प्रश्न विचारला, “पहिल्या फेरीच्या मुलाखती फुकट गेल्या हे तुम्ही थिसिसमध्ये का लिहिलंत? लपवता आलं असतं.” मी म्हटलं, “त्या फुकट गेल्या म्हणूनच बाकीचं ऐकू आलं.” त्यांनी मान डोलावली.

ऑफिसात केक. भोंगा सगळ्यांदेखत गुडघा पुढे करून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, जिना चढताना इथे दुखतं बघा.” मालकांनी पाठ थोपटली. सगळे पांगल्यावर उरलेला केक डब्यात घालून घरी आणला. टेबलावर ठेवला. दुसऱ्या खुर्चीवरच्या झेरॉक्स आता कशालाच लागणार नाहीत, तरी तिथून हलवल्या नाहीत.

हिला मुलीने कळवलं होतं. तिचा मेसेज आला: अभिनंदन. खूप खूप. रविवारी निवांत बोलू.

‘निवांत’ हा शब्द मी पुष्कळदा वाचला.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळीच फोन लावला. चहा केला होता, प्यायला नाही.

“डॉक्टर,” ती म्हणाली.

“हो.”

मग दोघंही थांबलो. थिसिस झाला. आता पुढचं वाक्य माझं होतं, आणि ते तीन वर्षं तयार होतं: आता येशील ना? म्हटलं असतं तर ती ‘हो’ म्हणाली असती, किंवा ‘बघू’. सामान बांधून आलीही असती कदाचित. मी तिला ओट्यापाशी तिच्या जागी उभी राहिलेली बघितलं असतं, आणि तिच्या मनात काय आहे ते मला मरेपर्यंत कळलं नसतं.

“तू दिवसभर काय करतेस?” मी विचारलं.

आणि गप्प बसलो. भोंग्यासमोर बसलो होतो तसा. नाही, त्याहून कितीतरी अवघड.

“शाळेत जाते,” ती म्हणाली. “शिकवायला. मार्चपासून.”

मी बोललो नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

“फेब्रुवारीत बबडूचं नाव घालायला गेले होते. तिथल्या बाईंना लहान मुलांच्या वर्गाला कोणीतरी हवं होतं. माझं प्रशिक्षण होतंच. म्हणून सर्टिफिकिटं मागवली. घरी मुलीचे सासू-सासरे आले तेव्हा जागा पुरेना, तर सप्टेंबरमध्ये शाळेजवळ एक खोली घेतली. तिथूनच बोलतेय.” ती थांबली. मग हळू आवाजात, “तुम्हाला सांगणार होते. दर वेळी सांगणार होते. पण तुम्ही विचारायचात, बबडूच्या मागे धावून दमतेस ना, आणि मी हो म्हणून जायची. दमत तर होतेच. खोटं नव्हतं ते.”

“नव्हतं,” मी म्हणालो.

खिडकीखालून कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. ती जाऊ दिली.

“तुला इकडे परत यायचं आहे का?”

हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. ‘येशील ना’ विचारलं होतं, ‘कधी येशील’ विचारलं होतं, ‘थिसिस झाला की’ म्हणून अट घातली होती. हा नाही. आणि याचं उत्तर मला माहीत नव्हतं, असं मी मॅडमना शपथेवर सांगू शकतो. निदान तो प्रश्न तोंडातून बाहेर पडेपर्यंत तरी.

ती खूप वेळ बोलली नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मी कप दोन्ही हातांनी धरून बसलो. ही शांतता मला कशानेही भरता आली असती, विनोदाने, खोकल्याने, अंड्याने.

“नाही,” ती म्हणाली. “रागावून म्हणत नाही हं. तुमच्यावर राग नाही. पण तिथे मी तीस वर्षं हो म्हणत होते, आणि मला ते कळलंही नव्हतं. इथे ती चिमुरडी मला दिवसभर ‘का, का’ करून भंडावून सोडतात. सकाळी उठून मला शाळेत जावंसं वाटतं. मला इथेच राहायचंय.”

डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आवाजात येऊ नये म्हणून फोन जरा लांब धरला. तिनेही घाई केली नाही. मग मी तिच्या वर्गाबद्दल विचारलं. किती मुलं, त्यातलं सगळ्यात वात्रट कोण, नाकात मणी कोणी घातला होता. ती सांगत गेली. खोलीला एक खिडकी आहे, समोर सायकलचं दुकान आहे. कढई तिथल्या शेगडीवर बसत नाही, एका बाजूने डुगडुगते. मी ऐकत होतो. तीस वर्षांत हिचं बोलणं इतकं सलग कधी ऐकलं होतं, आठवत नाही. गार चहावर साय धरली.

शेवटी म्हणालो, “मी तिकडे येऊ का? राहायला नाही. भेटायला. तुला नको असेल तर नको म्हण.”

पुन्हा शांतता. या वेळी मला ती तितकी भीतिदायक वाटली नाही, एवढं खरं.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

‘सांगशील ना’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

“बरं,” म्हणालो.